जुना आघात म्हातारपणी का उसळतो, आणि बोलून तो कसा बरा होतो

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोकांना जाग आली तेव्हा घरात पाणी होतं. पुढच्या काही आठवड्यांत एक मुलगा आपल्या आईला माझ्याकडे घेऊन आला. या आजींच्या घरात त्या रात्री थेंबभरही पाणी शिरलं नव्हतं. त्या राहतात मानेवाड्याकडे, तिसऱ्या माळ्यावर. पण टीव्हीवर अंबाझरीची दृश्यं पाहिल्यापासून रोज रात्री दोन-अडीचला त्या उठायच्या. रेशन कार्ड, आधार कार्ड, बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या, पिशवीला तीन गाठी मारायच्या, ती कपाटावर ठेवायच्या आणि दाराशी खुर्ची टाकून उजाडेपर्यंत बसून राहायच्या. आईचा मेंदू आता काम करत नाही, असं मुलाने जवळपास धरूनच ठेवलं होतं.

आजींची स्मरणशक्ती तपासली तर शाबूत. त्यांचा पूर तीस वर्षांपूर्वीचा होता, विदर्भातल्याच एका नदीकाठच्या गावातला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम साठीपुढच्या माणसांबरोबर चालतं. घरचे मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: इतक्या वर्षांनी हे कुठून आलं, आणि आता या वयात त्याला काही इलाज आहे का? इलाज आहे. तो कसा चालतो, हे या लेखात सांगते.

आधी आजाराचं नाव

जिवावर बेतलेला प्रसंग अंगावर आला, किंवा दुसऱ्यावर आलेला डोळ्यांनी पाहिला, की सुरुवातीचे काही दिवस कोणाचीही झोप उडते. बहुतेकांचं मन हळूहळू सावरतं. काहींचं सावरत नाही. महिना उलटून गेला तरी तो प्रसंग स्वप्नांत येतो, जागेपणी डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याची आठवण करून देणारी जागा, माणूस, विषय टाळला जातो. स्वतःबद्दल आणि जगाबद्दल वाईटच वाटत राहतं, आणि अंग सदैव सावध असतं: दचकणं, चिडचिड, हलकी झोप. या चारही गोष्टी एकत्र येऊन रोजचं जगणं अडवू लागल्या की डॉक्टर त्याला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हे नाव 1980 मध्ये आपल्या आजारांच्या यादीत घेतलं. म्हणजे आज पंचाहत्तरीत असलेल्या माणसाच्या तरुणपणी या दुखण्याला धड नावसुद्धा नव्हतं. होते ते शब्द म्हणजे "धसका घेतला", "मनावर घेतलं", "बाहेरची बाधा झाली".

नाव बाजूला ठेवून एक चित्र डोळ्यांसमोर आणा. पोस्टात आलेल्या प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का बसतो, म्हणून जुनं पत्र हातात आलं तरी आपण घाबरत नाही. ते कधीचं आहे ते दिसत असतं. आपल्या साध्या आठवणी अशाच असतात. लग्न आठवलं तर ते तेव्हाचं आहे हे आपल्याला आतून ठाऊक असतं. भीतीच्या त्या क्षणी मेंदू जीव वाचवण्यात गुंतलेला असतो, शिक्का मारायचा राहून जातो. मग बिनतारखेचं ते पत्र जेव्हा हाती येईल तेव्हा आजच आलंय असं वाटतं. पाणी आत्ता चढतंय. आजी पिशवीला गाठ मारत होत्या ती त्याच पाण्यासाठी.

शिवाय दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. म्हणून नुसता पावसाचा आवाज, चिखलाचा वास, छपरावरून पाणी पडल्यासारखी कूलरची टपटप, एवढंही पुरतं.

तीस वर्षं गप्प बसलेलं आज का उठलं?

विदर्भापुरतं पाहिलं तरी अशी माणसं किती असतील, विचार करा. 30 जुलै 1991 ला नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये वर्धा नदीच्या पुराने दोनशेहून अधिक माणसं नेली. त्या दिवशी पस्तिशीत असलेली बाई आज सत्तरीत आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत 114 जीव गेले. तिथून कोणाचा तरी हात धरून बाहेर पडलेली पोरं आता पन्नाशीकडे झुकली असतील, आणि तेव्हाच्या आया सत्तरी-ऐंशीत. 1971 ची लढाई लढलेले जवान पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. नागपुरातल्या जरीपटक्यात अजून असे वृद्ध आहेत जे फाळणीच्या वेळी सिंधमधून आईच्या कडेवर बसून आले. यातल्या बहुतेकांना हा विकार झाला नसणार. माणूस फार चिवट असतो, आणि हेही सांगायलाच हवं. ज्यांना झाला, त्यांच्यातल्या अनेकांनी तो कामाखाली दाबून ठेवला.

काम हे फार चांगलं झाकण आहे. पहाटे उठून डबे, शेत, ड्युटी, पोरांच्या फिया, आजारी सासरा. विचार करायला वेळच नसतो. मग निवृत्ती येते. मुलं पुण्याला, बंगळुरूला जातात. जोडीदार जातो, आणि ज्याच्या शेजारी रात्री झोप लागायची तो आधारच सरतो. गुडघे धरतात, ऐकू कमी येतं, म्हणजे पळून जाता येणार नाही ही जाणीव आणखी पक्की होते. त्यात एखादं ऑपरेशन होतं, एखादा पूर टीव्हीवर दिसतो, आणि झाकण उडतं. म्हणजे आजार तीस वर्षं नव्हता असं नाही, अनेकदा तो अर्धामुर्धा होताच. "आईला पावसाळा मानवत नाही" असं घरात सगळेच म्हणत असतात.

आणि ही पिढी मनाचं दुखणं मनाचं म्हणून सांगत नाही. छाती धडधडते, हातपाय गळाले, पोटात गोळा येतो, झोपच नाही लागून राहिली, असं सांगते. ईसीजी होतो, रक्त तपासलं जातं, सगळं नॉर्मल निघतं, आणि झोपेची गोळी घेऊन माणूस घरी येतो. त्या माणसाला "तुमच्या आयुष्यात कधी जिवावर बेतलेलं काही घडलंय का?" हा प्रश्न कोणी विचारतच नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे.

बोलून उपचार म्हणजे नेमकं काय करतात?

"बोलून काय होणार? आम्ही रोजच बोलतो तिच्याशी." हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. घरच्यांचं बोलणं मोलाचं आहेच, पण घरचे काय बोलतात? "जाऊ दे, विसर ते." म्हणजे टाळायला मदत करतात. आणि टाळणं हेच या दुखण्याचं खतपाणी आहे. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी आणखी टाळलं जातं, आणि मनाला कधी कळतच नाही की ते पत्र उघडलं तरी आता काही होत नाही.

थेरपीत ते पत्र हळूहळू उघडतात. पुरात भिजलेली वही आठवा. पानं एकमेकांना चिकटलेली असतात. ओढाल तर फाटतील, तशीच ठेवाल तर बुरशी धरेल. सावलीत वाळवून एकेक पान सोडवावं लागतं. एका पद्धतीत रुग्ण तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय तसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. पुढच्या भेटीत पुन्हा, मग पुन्हा. सोबत टाळलेल्या पण आज सुरक्षित असलेल्या गोष्टी एकेक करून परत सुरू करतो. साधारण 8 ते 15 भेटी लागतात. पहिल्या सांगण्यात अंगाला घाम फुटतो. पाचव्या-सहाव्या सांगण्यात माणूस मध्येच म्हणतो, "हे मी लई वेळा सांगितलं न जी?" ते ऐकलं की मला बरं वाटतं. आठवणीवर तारखेचा शिक्का बसायला लागलेला असतो.

दुसरी पद्धत अपराधी भावनेवर काम करते. ती साधारण 12 भेटींची. आजींसाठी आम्ही हीच निवडली, कारण पाण्यापेक्षा त्यांना एक वाक्य जास्त छळत होतं: "सुनेनं सासूले सोडलं." गावाने ते म्हटलं होतं, आणि तीस वर्षं त्या स्वतःही मनात तेच म्हणत आल्या होत्या. थेरपीत अशा वाक्याला खोटं ठरवायची घाई करत नाहीत. "तुमचा काही दोष नाही हो" हे त्यांना शंभर जणांनी सांगून झालं असतं तरी उपयोग नव्हता. त्याऐवजी साक्षीदाराला विचारावं तसं, एकेक गोष्ट विचारतात.

पाणी कुठवर होतं? मांडीपर्यंत. अंधार होता? होता. लेकरू केवढं होतं? दीड वर्षाचं. सासूबाई कुठे होत्या? खाटेवर, त्यांचे पाय चालत नव्हते. छतावर जायला काय होतं? लाकडी शिडी. एका खेपेत कितीजणांना नेता आलं असतं? एकाला. मग तुम्ही कसं ठरवलं?

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. पदराच्या टोकाची घडी घालत, उलगडत. मग म्हणाल्या, "मी कुठं ठरवलं? त्याच मनल्या, पोराले ने पहिले."

हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, तिथवर त्या कधी पोचल्याच नव्हत्या. आठवण नेहमी रिकाम्या खाटेपाशी येऊन तुटायची आणि तिथून त्या परत फिरायच्या. ते दीड वर्षाचं लेकरू बाहेर माझ्या वेटिंगमध्ये मोबाईल चाळत बसलं होतं.

त्या दिवसानंतर दुःख कमी झालं नाही, उलट आजी सासूसाठी पहिल्यांदाच पोटभर रडल्या. पण गुन्ह्याचा भार आणि माणूस गेल्याचं दुःख या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. दुःखाबरोबर जगता येतं.

तिसरी पद्धत ईएमडीआर नावाने ओळखली जाते. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांकडे नजर फिरवायची, असं तिचं रूप. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो यांनी 1989 मध्ये ती मांडली. डोळे हलवण्यामुळेच गुण येतो की आठवणीला सामोरं गेल्यामुळे, यावर तज्ज्ञांत वाद आहे, पण गुण येतो याबद्दल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आघातावर थेट काम करणारी वर्तन-विचार थेरपी (वरच्या पहिल्या दोन पद्धती त्यातल्याच) आणि ईएमडीआर, दोन्हींची शिफारस केली आहे.

दोरी, फुलं आणि दगड

ज्येष्ठांसाठी मला सगळ्यात जवळची वाटणारी पद्धत निर्वासितांसाठी तयार झाली. एका आघाताऐवजी ती जन्मापासून आजपर्यंतचं सगळं आयुष्य घेते. एक लांब दोरी मांडायची. तिचं एक टोक म्हणजे जन्म. दोरीवर चांगल्या प्रसंगांसाठी फुलं आणि वाईटांसाठी दगड ठेवायचे, मग पुढच्या भेटींत त्या क्रमाने गोष्ट सांगत जायची. थेरपिस्ट ती लिहून घेतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो, रुग्ण दुरुस्त्या सांगतो. शेवटी माणसाच्या हातात त्याची स्वतःची लिहिलेली गोष्ट असते.

मी सीताबर्डीहून आणलेली झेंडूची फुलं आणि कुंडीतले खडे वापरते. जमिनीवर बसणं जमत नाही म्हणून दोरी टेबलावर मांडते. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी पहिल्यांदा नऊ दगड ठेवले आणि एकही फूल नाही. मग थांबून म्हणाले, "पहिल्या पगाराची सायकल घेतली होती, ते चालते का?" चालतं. एक झेंडू ठेवला. मग दुसरा आठवला. ज्यांच्या मागे सत्तर वर्षं आहेत त्यांना आघाताच्या दोन्ही बाजूंना मोठं आयुष्य असतं. तरुण रुग्णाकडे हा साठा नसतो. वय इथे आड येत नाही, कामाला येतं.

"आता या वयात कशाला उकरून काढायचं?"

हा प्रश्न प्रेमापोटी येतो, म्हणून मी त्याला सरळ उत्तर देते. जे रोज रात्री दोन वाजता आपणहून वर येतं, ते उकरायची गरजच उरलेली नसते. प्रश्न एवढाच राहतो की त्यांनी त्याला एकट्याने तोंड द्यायचं की कोणाच्या सोबतीने. सत्तरीतल्या बाईला अजून पंधरा पावसाळे पाहायचे असू शकतात.

"हार्टचा त्रास आहे. आठवणीने काही झालं तर?"

भीती रास्त आहे. प्रसंग सांगताना ठोके वाढतात, घाम येतो. म्हणून सुरू करण्याआधी आम्ही फिजिशियनचं मत घेतो, आणि नुकताच झटका आला असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल तर थांबतो. पण हृदयरोग आहे म्हणून दार बंदच, असं नाही. हृदयाच्या आजारपणामुळेच हा विकार जडलेल्या रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत आठवण पुन्हा सांगण्याची थेरपी या लोकांसाठीही सुरक्षित दिसली. आणि रोज रात्री दचकून उठणं, वर्षानुवर्षं, हे हृदयाला काही आराम देणारं नाही.

"म्हाताऱ्या मेंदूला नवं शिकता येतं का?"

ज्या आजोबांनी पासष्टीत यूपीआय शिकलं, त्यांच्याबद्दल हे विचारू नये. वेळ जास्त लागतो, एवढं खरं. म्हणून भेटी लहान ठेवतो, संख्या वाढवतो, मुद्दे मोठ्या अक्षरांत कागदावर देतो, तेच पुन्हा सांगतो. ज्येष्ठांवर झालेले अभ्यास तरुणांच्या मानाने थोडे आहेत. अमेरिकेत साठीपुढच्या माजी सैनिकांवर झालेल्या एका चाचणीत प्रसंग पुन्हा सांगण्याची थेरपी आणि नुसतं शिथिलीकरण, म्हणजे अंग सैल सोडायचा सराव, यांची तुलना केली. थेरपी संपली तेव्हा पहिल्या गटाला जास्त आराम होता, सहा महिन्यांनी मात्र तो फरक टिकला नाही. मी यातून एक धडा घेतला आहे: उपचार संपला तरी दोन-तीन महिन्यांनी एक भेट ठेवायची, आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक हमखास.

स्मृतिभ्रंश बराच पुढे गेला असेल तर ही मेहनतीची थेरपी जमत नाही. तिथे घरच्यांना शिकवावं लागतं: वाद घालू नका, दिवा लावा, कोरडी फरशी हाताने दाखवा, शेजारी बसा.

"गोळी देऊन टाका ना"

नैराश्यावरची काही औषधं या विकारातही उपयोगी पडतात आणि थेरपीसोबत चालतात. वृद्धांत त्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून डॉक्टरांचं लक्ष लागतं. माझी काळजी वेगळ्या गोळीची आहे. अल्प्राझोलामसारखी गुंगीची, झोपेची गोळी मेडिकलवाल्याकडून आणून महिनोन्महिने घेतली जाते. त्याने तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, स्मरण धूसर होतं, आणि आघात आहे तिथेच राहतो. जे ही गोळी घेत असतील त्यांनी ती एकदम तोडू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी.

भजनी मंडळ, बुद्धविहार, नमाज, सकाळचा फुटाळा तलावाचा फेरफटका, हे सगळं चालू ठेवावं. माणसांत राहणं हे औषधच आहे. फक्त त्याने रात्रीची दोनची खुर्ची सुटत नसेल तर पुढचं पाऊल टाकावं.

"लोक काय म्हणतील?"

नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासून आहे आणि आपण अजून त्या चौकाला पागलखाना चौक म्हणतो. त्या शब्दामुळे किती आजी-आजोबा दारातून परत गेले असतील, याचा विचार मनातून जात नाही. या विकारासाठी भरती व्हावं लागत नाही, ओपीडीत किंवा क्लिनिकमध्ये आठवड्याला एक तास यावं लागतं. तुम्ही जे बोलता ते मुलालाही सांगितलं जात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही गोपनीयता रुग्णाचा हक्क म्हणून दिली आहे. आजींनी खाटेची गोष्ट मुलाला सांगायची की नाही, हे त्यांनीच ठरवलं. शेवटून दुसऱ्या भेटीत त्याला आत बोलावून सांगितली.

नागपुरात कुठे जायचं

मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, या चारही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. माजी सैनिकांना ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून सोय मिळते. घराबाहेर पडणं शक्य नसेल तर 14416 हा केंद्र सरकारचा टेली-मानसचा फोन चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 आहे. खासगीत जाणार असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारा. त्यासोबत "आघातावरची थेरपी तुम्ही शिकला आहात का, आणि साठीपुढच्या लोकांबरोबर काम केलंय का?" हेही विचारा. असं विचारण्यात उद्धटपणा नाही. जो नीट शिकलाय त्याला हा प्रश्न आवडतो.

पहिल्या भेटीला कोणी प्रसंग सांगायला लावत नाही. झोप, जेवण, औषधं, घरात कोण कोण, एवढंच बोलणं होतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, चष्मा न्या, दुपारची वेळ घ्या म्हणजे आदल्या रात्रीचं जागरण अंगावर नसेल. आणि निघण्याआधी कानयंत्राचे सेल तपासा. अर्ध्या गोष्टी न ऐकताच "हो हो" म्हणून परत गेलेले बरेच आजोबा मी पाहिले आहेत.